अक्काच्या तीन बकऱ्या

माझं अक्षर कोंबडी अंगणात फिरून गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं जे चौथीत राहिलं ते राहिलंच, कारण पाचवीत मला कोणी घातलं नाही. म्हणून आधीच माफी मागून ठेवते. ही माझ्या मुलीची जुनी वही आहे. मागची कोरी पानं वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे आणि लिहून झालं की डब्यांच्या मागे ठेवणार आहे. तरी कोणाच्या हाती लागलीच तर त्याने चुका दुरुस्त करून वाचाव्यात. मला तोंडाने कोणापुढे बोलता येत नाही. भाजीवाल्याने वजन कमी केलं तरी मी गप्प राहते. पण अक्काबद्दल कुठेतरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि सांगायला गेले की माझाच गोंधळ होतो.

जगात आजवर जेवढे गुन्हे झाले तेवढे सगळे एकाच बाईने केले, असं कोणी मला म्हटलं तर मी म्हणेन, हो, मी ओळखते तिला. धुळ्याच्या जेलात बायकांच्या बॅरेकमध्ये ती माझ्या शेजारी झोपायची. वय साठ असेल, सत्तरही असेल. अंगाने चिपाड, कपाळावर गोंदण, समोरचे दोन दात नाहीत, आणि चालणं असं की पुढे कोणीतरी पडलं आहे आणि तिला उचलायला जायचं आहे. नरडाण्याच्या बाजूच्या एका खेड्यातली. तिला सगळे अक्काच म्हणत, आम्ही कैदी बायका, शिपाई मॅडम, आणि एकदा तर तपासणीला आलेले मोठे साहेबही चुकून अक्का म्हणाले. ती अहिराणीशिवाय काही बोलत नसे. मी शाळेच्या भाषेत लिहिते आहे, पण तिचं बोलणं तिच्यासारखंच ठेवते, नाहीतर ते तिचं वाटणार नाही.

मी तिथे कशी गेले ते सांगायला हवं. मी अमळनेरची. लग्नाच्या स्वयंपाकात पोळ्या लाटायला जाते. आमचा चार बायकांचा गट आहे आणि एका लग्नाला आम्ही दोन-अडीच हजार पोळ्या लाटतो. धुळ्याच्या एका लग्नात नवरीची सोन्याची पोत हरवली. स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत होती म्हणे. त्या खोलीत मी पाणी प्यायला गेले होते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. न बोलणारी बाई चोर दिसते, हे मला तेव्हा कळलं. माझे मालक वारलेले, घरी नऊ वर्षांची मुलगी. ती शेजारणीकडे राहिली आणि मी जेलात.

पहिल्या संध्याकाळी गिनती, म्हणजे कैद्यांची मोजणी, झाली, दार बंद झालं, आणि मी भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. मागून कोणीतरी माझ्या वेणीचा गुंता सोडवायला लागलं. न विचारता, जसं काही ते कामच तिच्याकडे होतं.

"काय गुन्हा शे तुना?" तिने विचारलं.

मी कसंबसं म्हटलं, "चोरीचा. पोत."

"हात् मायबी!" ती एवढ्या आनंदाने म्हणाली की मी रडायची थांबले. "मना भी तोच! पोतच! रडू नको वं माय, आपुन दोन्ही एकच शेतस."

मला फार धीर आला. माझ्यासारखी अजून एक आहे, आणि ती जेवते, झोपते, हसते, म्हणजे मीही जगेन असं वाटलं. आठ दिवस मी त्या धीरावर काढले. नवव्या दिवशी तांदूळ निवडताना आपा माझ्याशेजारी बसली. आपाचं माहेर नशिराबादचं, सासर धुळ्यात. शिवणकाम करायची. जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, डोक्यात वरवंटा घातला म्हणून आत आली होती. आपा म्हणाली, "अक्का है इसलिए जी लगता है मेरा. उनका भी मेरे जैसाच है ना. जेठ का सर फोडा उनोने."

मी म्हटलं, "नाही हो, त्यांची केस पोत चोरल्याची आहे."

"अरे नहीं, सर फोडने की! मेरे को खुद बोली."

मी सहसा वाद घालत नाही, पण यात माझा सगळा धीर होता. आम्ही दोघी सूप घेऊन अक्कापुढे जाऊन उभ्या राहिलो. अक्काने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आपाकडे. खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "दोन्ही खरं शे. मी जेठनं डोकं फोडं, आन तो पडना तवय त्यानी बायकोनी पोत चोरी लिधी."

पुढच्या आठवड्यात हातभट्टीच्या केसमधली एक म्हातारी आली. दुसऱ्या दिवशी आम्हाला कळलं की अक्काने जेठाचं डोकं फोडलं ते हातभट्टीची दारू विकताना झालेल्या भांडणात. मग सुनेला छळल्याच्या केसमधली एक सासू आली, तेव्हा त्या भट्टीवर अक्काची सूनही कामाला होती असं निघालं. खोट्या नोटा वटवल्याच्या गुन्ह्यातली एक मुलगी आली, तेव्हा दारूचे पैसे खोट्या नोटांत मिळाले होते हेही बाहेर आलं. दर नव्या बाईबरोबर अक्काचा गुन्हा एक खोली वाढवल्यासारखा वाढत जाई. शिपाई मॅडम एकदा म्हणाल्या, "अक्का, एवढं सगळं तू एका दिवसात केलंस?" अक्का म्हणाली, "सकाळमां उठेल व्हती ना लवकर."

तिचा खरा गुन्हा काय होता ते तिथे कोणालाच माहीत नव्हतं. ऑफिसात कागद होते, पण ते कोण पाहणार. ती खोटं बोलते हे आम्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं. तरी गंमत अशी की नवी बाई आली आणि अक्काने तिला "मना भी तोच" म्हटलं की आम्ही सगळ्या गंभीर चेहरा करून माना हलवायचो.

देवाच्या बाबतीतही तिचं असंच होतं. अक्काचा देव कोणता, हे मला आजही सांगता येणार नाही. जिची कोर्टाची तारीख असेल तिच्यासाठी अक्का उपवास धरायची. तारीख ज्या देवाच्या वारी येई त्या देवाचा. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. "तुले कोर्टमां उभं ऱ्हानं शे, तुले ताकद पाहिजे. तू खाई ले, मी ऱ्हास उपाशी," असं म्हणून ती आपली भाकरी त्या बाईच्या ताटात टाकायची. रमजानमध्ये आपाने रोजे धरले तर अक्काने तिच्या जामिनासाठी रोजे धरले. त्यातच संकष्टी आली. आता रोजा सूर्य बुडाल्यावर सोडायचा आणि चतुर्थी चंद्र निघाल्यावर, मधल्या वेळात अक्काने खजूर खायचा की नाही यावर बॅरेकमध्ये दोन पक्ष पडले. अक्काने खजूर तोंडात धरून ठेवला, गिळला नाही. मग चंद्राची अडचण. आमचं दार तेव्हा बंद असायचं. तिने बुरुजावरच्या शिपायाला सांगून ठेवलं की चंद्र निघाला की मला कळव. तो बिचारा भला माणूस. त्याने चंद्र पाहिला आणि जोरात शिट्टी वाजवली. शिट्टी झाल्याबरोबर पुरुषांच्या बाजूला पळापळ झाली, दिवे लागले, सगळ्या जेलची गिनती पुन्हा झाली. कोणी पळालं नव्हतं. अक्काने तोपर्यंत खजूर गिळला होता.

मी एकदा विचारलं, "अक्का, तू नक्की मानतेस कोणाला?"

"जो डूटीवर व्हई त्याले," ती म्हणाली.

तिच्या उपवासांनी कोणाला जामीन मिळाला का, असं विचाराल तर कोणाला मिळाला, कोणाला नाही. पण कोर्टातून हात हलवत परत येणाऱ्या बाईला इथे आपल्यासाठी कोणीतरी उपाशी बसलंय हे माहीत असायचं, आणि तिला आल्याबरोबर अक्काला जेवायला घालावं लागायचं. त्यामुळे रडायला उशीर व्हायचा, आणि उशिरा आलेलं रडू कमी असतं.

श्रावणात कानबाई देवीचा रविवार आला. खान्देशातल्या बाईला त्या दिवशी घराबाहेर राहणं म्हणजे काय ते दुसऱ्या कोणाला समजायचं नाही. घरात कानबाई बसते, नारळावर डोळे काढतात, दागिने घालतात, घरातल्या पुरुषागणिक सव्वा सव्वा मूठ गहू मोजून दळतात आणि त्याचे रोट करतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याला घासभर देत नाहीत, आणि मागे काही उरूही द्यायचं नाही. मुंबई-सुरतला गेलेले भाऊबंद त्यासाठी गावी येतात. सकाळपासून बॅरेकमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं. हातभट्टीवाली म्हातारी तर कोपऱ्यात बसून आपल्या घरच्या पुरुषांची नावं मोजत होती.

अक्का उठली. नारळ आत आणू देत नाहीत, म्हणून तिने पाण्याचा तांब्या पालथा घातला. त्यावर कुंकवाने डोळे काढले, आपाने शिवलेल्या चिंधीचं लुगडं नेसवलं. मग ती मागे सरून बघत म्हणाली, "अंगवर काहीच नही. माय बोडकी दिसस."

आमच्यापैकी कोणाच्याच अंगावर काही नव्हतं. आत येतानाच सगळं काढून घेतात. शिपाई मॅडम दारात उभ्या होत्या. त्याही शिरपूरकडच्या, सणाच्या दिवशी ड्युटीवर. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, गळ्यातली पोत काढली आणि अक्काच्या हातात दिली. "खोटी आहे," त्या म्हणाल्या, "पण संध्याकाळी मला परत पाहिजे. राखणीला कोण बसेल?"

अक्का म्हणाली, "ही बसी," आणि माझ्याकडे बोट केलं.

 पोत चोरली म्हणून मी तिथे होते. मी दुपारभर त्या तांब्यापुढे बसले. पाणी प्यायलाही उठले नाही. मला वाटत होतं की ही माझी थट्टा आहे की काय, मग वाटलं ही माझी परीक्षा आहे, मग काहीच कळेना. संध्याकाळी मॅडमनी पोत गळ्यात घातली आणि न मोजता, न बघता निघून गेल्या. मी अक्काकडे पाहिलं तर ती घोरत होती.

रोट म्हणून त्या दिवशीच्या जेवणातल्या चपात्याच होत्या. अक्काने त्या एकत्र केल्या आणि मोजायला बसली. सुनेच्या केसमधली सासू म्हणाली, "अक्का, रोट पुरुषांवर मोजतात. इथे पुरुष कुठेत?"

"मंग बाया मोज."

"आणि भाऊबंदांनीच खायचे असतात. आपण तेरा जणी तेरा घरच्या."

"एकच दार, एकच कुलूप, मंग तेरा घरं कशी वं?"

आपा लांब बसली होती. तिला ताट नको होतं असं नाही, पण परक्याला रोट देत नाहीत हे तिला माहीत होतं. अक्काने तिकडे न बघताच ओरडून सांगितलं, "ये आपा! तू भाऊबंद नही का? मंग जेठनं डोकं कोणी फोडं, तू का मी?"

आपा म्हणाली, "दोनोने मिल के फोडा, अक्का," आणि आली. चपात्यांचा तुकडाही उरला नाही.

आता त्या बकऱ्यांकडे येते. अक्काच्या तीन बकऱ्या होत्या. ती आत आल्यावर तिच्या शेजारणीने त्या विकल्या आणि आलेले पंधरा हजार जेलात तिच्या नावावर आणून भरले, कारण कोर्टाने तिला तेवढ्याच रोख रकमेवर जामीन दिला होता. म्हणजे अक्का केव्हाही सुटू शकत होती. फक्त एक अर्ज द्यायचा होता. पण ती आज देते, उद्या देते करायची. आज हिची तारीख आहे, उद्या तिची घरच्यांशी मुलाखत आहे, उपवास मध्येच कसा सोडू. त्या रकमेला ती पैसे म्हणतच नसे. "मन्या बकऱ्या ऑफिसमां बांधेल शेतस," असं म्हणायची.

दिवाळीनंतर मलाही जामीन झाला. रक्कमही पंधरा हजारच. माझ्याकडे पंधराशेही नव्हते. मुलाखतीला शेजारीण आली होती, तिने सांगितलं की दीर येऊन गेला. म्हणाला, आई जेलात, पोरीला शाळा कशाला, चौथी झाली की पुरे, कापूस वेचायला नेतो. मी मुलाखतीवरून परत आले ती चौथी चौथी एवढंच म्हणत. मला चौथीतूनच काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्काने आयुष्यात पहिल्यांदा अर्ज लिहून घेतला. खोट्या नोटावाल्या मुलीने लिहिला, अक्काने अंगठा लावला. मला वाटलं, चला, सुटते बिचारी. चार दिवसांनी साहेबांनी मला बोलावून सांगितलं की अक्काच्या पैशांवर माझा जामीन झाला आहे, सामान आवर.

मी तिच्या पाया पडून रडायला लागले.  ती माझ्यावर खेकसली, "रडस काय? दान नही दिधं. उसन्या शेतस. तीन बकऱ्या, तीन परत दे."

आणि इथून माझा जो गोंधळ सुरू झाला तो दोन वर्षं चालला. मी मुलीला शाळेत ठेवलं आणि लग्नसराईत मिळेल ते काम घेतलं. पाच हजार जमले की एस.टी.ने धुळ्याला जायचे आणि खिडकीवर अक्काच्या नावाने भरून यायचे. पहिले भरले तेव्हा मी मुलाखतीच्या जाळीतून म्हटलं, "अक्का, एक बकरी आली." ती खूश झाली. तीन महिन्यांनी दुसरी बकरी घेऊन गेले.

"आता दोन झाल्या ना?" मी विचारलं.

"एकच शे."

"मागची?"

"ती हातभट्टीवाली म्हातारी संगे गयी."

म्हणजे म्हातारीच्या जामिनात दिली. मी म्हटलं ठीक आहे. पुढच्या वेळी गेले तर ती दुसरी आपाबरोबर गेली होती. आपाने सुटल्यावर मशीन चालवून पैसे परत भरले, ते सासूबरोबर गेले, आणि माझी तिसरी बकरी खोट्या नोटावाल्या मुलीबरोबर. मी बकरी नेऊन बांधायची आणि अक्काने दावं सोडायचं. हिशोब केला तर मी तीन बकऱ्या दिल्या होत्या आणि अक्काच्या नावावर एकही नव्हती. मग माझं देणं फिटलं की तीनच्या तीन बाकी? मी मुलीला विचारलं, ती आता पाचवीत होती आणि गणितात बरी होती. ती म्हणाली, "आई, हे गणित आमच्या पुस्तकात नाही."

माझ्या मते फिटलं नव्हतं, कारण मी बाहेर होते आणि अक्का आत. जोवर ती आत आहे तोवर माझी सुटका तिच्या अंगावर आहे. पोळी लाटताना मध्येच मला वाटायचं, आत्ता गिनती झाली असेल. एकदा तर मी तिच्याशी जाळीतून भांडले. मी, जी कोणाशी भांडत नाही. "तू ते पैसे दिलेस तर मी येणार नाही," म्हटलं.

"नको येऊ. बकरी धाड," ती म्हणाली.

शेवटी मोफत काम करणाऱ्या वकीलबाईंनी मला वाट दाखवली. म्हणाल्या, जेलात भरूच नका. थेट कोर्टात तिच्या जामिनाची रक्कम भरा, म्हणजे तिला हात लावता येणार नाही. त्यासाठी पुन्हा पूर्ण पंधरा हजार हवे होते. मी एक अख्खी लग्नसराई काढली. किती पोळ्या लाटल्या ते विचारू नका, उजवा खांदा अजून दुखतो.

कोर्टात टेबलाशी बसलेले कारकून भाऊ कागद भरत होते. त्यांनी फाईल उघडली, कलम वाचलं, आकडा पुटपुटले. मला तो आकडा ऐकू आला. त्याचा अर्थ काय, एवढं विचारलं असतं तर दोन वर्षांचं कोडं सुटलं असतं. मी विचारलं नाही. पोत चोरल्याच्या गुन्ह्यातल्या बाईनेच माझी वेणी सोडवली होती, आणि मला दुसरी कोणी नको होती.

"आरोपीशी नातं काय?" भाऊंनी विचारलं.

मी म्हटलं, "भाऊबंद."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आडनाव वेगळं. गाव वेगळं. तालुका वेगळा. जिल्हासुद्धा वेगळा. भाऊबंद कशा?"

भाजीवाल्यापुढेही मी गप्प राहते. तरी मी बोलले, "आमचा रोट एक आहे."

त्यांनी पेन खाली ठेवला. "कानबाईचा?"

"हो."

"खाल्लाय? बरोबर बसून?"

"हो. उरू दिला नाही."

त्यांनी पेन पुन्हा उचलला. मग त्यांनी 'नातेवाईक' लिहिलं आणि पावती फाडली. फाडता फाडता म्हणाले, "केस संपली की ही रक्कम तुम्हालाच परत मिळेल बरं का." मी पायऱ्यांवर येऊन बसले. परत मलाच मिळणार असेल तर मग मी काय फेडलं?

अक्का सुटली तेव्हा मी गेटबाहेर उभी होते. वाटलं होतं, मिठी मारेल. ती बाहेर आली ती भांडतच. "आज गुरुवार शे! तीन जणीस्ना उपास धरेल शे मी! आज सोडाले कोणी सांगं व्हतं?" मी कबूल केलं की मी. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाली, "वाळी गयी तू," आणि स्टँडवर नरडाण्याच्या बसमध्ये बसली. खिडकीतून हातही हलवला नाही. पुढच्या बाकावर एक बाई डोळे पुसत बसली होती, अक्का तिच्याकडे वाकली होती.

त्यानंतर वर्ष गेलं. माझी केस संपली. पोत नवरीच्या मामीच्या डब्यात कधीच सापडली होती, फक्त ते कोर्टाला सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं. अक्काचीही संपली. कशी संपली ते मी विचारलं नाही. अक्कासाठी भरलेले पंधरा हजार कोर्टातून माझ्या हातात आले. मी त्याच दिवशी नरडाण्याला गेले आणि तिथून तिच्या गावाला रिक्षाने.

घर विचारत गेले. अक्का एका ओट्यावर बसली होती, शेजारी कोणी बाई रडत होती. बाईची म्हैस मेली होती. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत सांगत होती, "मनी भी अशीच गयी वं. ऐन दूधमां." अक्काकडे म्हैस कधी नव्हती हे त्या गावाला माहीत असणारच. तरी ती बाई डोळे पुसत मान हलवत होती.

मला पाहून अक्का उठली. घरात नेलं, पाणी दिलं. घर म्हणजे एक खोली, कोपऱ्यात दावं बांधलेला रिकामा खुंटा. मी रुमाल सोडून पैसे तिच्या पुढ्यात ठेवले.

"अक्का, तीन बकऱ्या."

तिने नोटा मांडीवर घेतल्या आणि बोट ओलं करून मोजायला लागली. एकदा मोजून झाल्या, पुन्हा मोजायला लागली.  मला वाटलं, आत्ता विचारलं नाही तर कधीच नाही.

"अक्का, आता तरी खरं सांग. तुझा गुन्हा काय होता?"

तिने मोजणं थांबवलं नाही. "तुना काय व्हता?"

"चोरीचा," मी म्हटलं. आणि मग जे मी पोलिसांपुढे बोलले नाही, तारखेला उभी असताना बोलले नाही, ते तिथे बोलले. "पण मी पोत चोरली नव्हती, अक्का."

"मंग?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "मी तरी कोठे चोरी व्हती?"

तिने नोटा तिसऱ्यांदा मोजल्या. पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली, गाठीवर अजून एक गाठ मारली, आणि ती कमरेला खोचली. बाहेर म्हैसवाली पुन्हा रडायला लागली होती. अक्का उठली, पण दारातून मागे वळली. "फिटन्यात," म्हणाली, "तिन्ही." आणि त्या बाईशेजारी जाऊन बसली. तिच्या कमरेची ती गाठ म्हैसवालीकडे पोचायला दोन दिवसही लागणार नाहीत हे मला दिसत होतं. पण तो आता तिचा प्रश्न होता. माझं देणं पूर्ण फिटलं होतं.